प्रसादाची परीक्षा कोणी करावी?

(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाजारात मासळी घेणारा मनुष्य कल्ले उघडून पाहतो. नारळ घेणारा तो कानाशी धरून हलवितो. भाजीवालीच्या टोपलीतील वांगे उलटेपालटे करून त्यास कीड तर नाही ना, हे निरखले जाते, आणि माल मनास न आला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. हाच मनुष्य देवळात येतो, आरती आटोपते, पुजारी पळीभर तीर्थ व चिमूटभर पंचखाद्य पुढे करतो, आणि तो डाव्या हातावर उजवा हात धरून ते घेतो व मुखात घालतो. त्याचा वास तो घेत नाही. ते कोणी केले, केव्हा केले, कोणत्या पाण्याने केले, हे तो विचारीत नाही. विचारणे त्यास पाप वाटते. समाराधनेच्या पंगतीस बसलेल्याचीही हीच स्थिती असते. पानावर वाढलेले टाकू नये, या संस्कारात तो वाढलेला असतो.

खाणाऱ्यास अन्नाची परीक्षा पुरतेपणी करता येत नाही, या एका अनुभवावर जगातील सर्व अन्नविषयक कायदे उभे आहेत. प्रसादाच्या बाबतीत तर खाणारा ती परीक्षा श्रद्धेने सोडूनच देतो. मग ती कोणी करावी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

अन्नातील लबाडीस दंड करण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा एक समज आढळतो. तो खरा नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘कण्टकशोधन’ नामक चौथ्या अधिकरणात धान्य, तेलतूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये व औषधी यांत त्याच रंगाचा दुसरा पदार्थ मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. त्यातील ‘त्याच रंगाचा’ ही अट मोलाची आहे. जेथे डोळ्यांना भेद कळत नाही, तेथे ग्राहकाच्या वतीने राजाने पाहावयाचे, हे तत्त्व तीत आले आहे.

अर्वाचीन काळात या तत्त्वास कायद्याचे रूप कसे मिळाले, हे समजण्यासाठी इंग्लंडातील ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरी घडलेली एक घटना पाहण्यासारखी आहे. आपल्या जत्रेच्या फेरीत खाज्यांची दुकाने लागतात, तसे तेथील बाजारात पेपरमिंटच्या गोळ्या विकणाऱ्याचे एक दुकान असे. साखर महाग असल्यामुळे मिठाई करणारे तीत चुनखडीच्या जातीची एक निरुपद्रवी पांढरी पूड मिसळीत, आणि ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. १८५८ च्या ऑक्टोबरात मिठाई करणाऱ्याने ही पूड आणण्यास औषधविक्रेत्याकडे माणूस पाठविला. औषधविक्रेता आजारी पडला होता. त्याच्या नवख्या मदतनिसाने कोपऱ्यातील पिंपातून बारा पौंड पूड मोजून दिली. ती पूड सोमलाची होती.

गोळ्या तयार झाल्या. त्या नेहमीसारख्या दिसत नाहीत, हे विक्रेत्याच्या ध्यानात आले होते. परंतु त्याने त्याचा उपयोग भाव पाडून घेण्यापुरता केला. ३० ऑक्टोबर, शनिवारच्या बाजारात त्या विकल्या गेल्या. सुमारे वीस माणसे मृत्यू पावली व दोनशेहून अधिक आजारी पडली. मृतांत लहान मुले होती. पुढे खटले उभे राहिले, पण कोणासही शिक्षा झाली नाही, कारण कोणाचाच हेतू वाईट नव्हता. मदतनिसाची चूक झाली, मिठाईवाल्याने नित्याची रीत पाळली, विक्रेत्याने नित्याचा व्यवहार केला. लोकक्षोभामुळे १८६० साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने अन्नभेसळीचा कायदा केला. पण त्यात स्थानिक संस्थांना विश्लेषक नेमण्याची केवळ मुभा दिली होती, सक्ती नव्हती. साहजिकच तो बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला, आणि १८७२ व १८७५ साली नवे कायदे करावे लागले. कायदा मोठ्या सभागृहात होतो खरा; परंतु त्याचा अंमल गावचा अधिकारी, गावची पालिका आणि गावची प्रतिष्ठित माणसे यांच्या हाती असतो. ती स्वस्थ बसली की कायदाही स्वस्थ बसतो.

ब्रॅडफर्डात विकणाऱ्यास आपण काय विकतो हे ठाऊक नव्हते. न्यूयॉर्कमधील दुसरी घटना रांधणाऱ्याच्या अज्ञानाची आहे. मेरी मॅलन ही आयर्लंडातून आलेली स्वयंपाकीण श्रीमंत घरांतून काम करीत असे. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे येथील एका बिऱ्हाडात अकरापैकी सहा माणसांना विषमज्वर झाला. शोध घेता घेता जॉर्ज सोपर या आरोग्य-अभियंत्यास असे दिसले की, ही बाई ज्या घरी राबली त्यांपैकी अनेक घरी विषमज्वर उद्भवला होता. ती स्वतः मात्र धडधाकट होती. विषमज्वराचे जंतू तिच्या शरीरात वास करून होते व तिचे काही बिघडवीत नव्हते. १९०७ साली तिला नॉर्थ ब्रदर या बेटावरील रुग्णालयात सक्तीने ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही, या वचनावर १९१० साली तिची सुटका झाली. पण धुणे धुण्याच्या कामात स्वयंपाकिणीइतकी मिळकत नव्हती. काही काळाने ती दुसऱ्या नावाने पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ साली एका स्त्री-रुग्णालयात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, तेव्हा तेथील स्वयंपाकीण तीच निघाली. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत तिचा वास त्या बेटावरच झाला.

या बाईला दोष देणे सोपे आहे. परंतु तिच्याकडून वचन घेणाऱ्यांनी तिच्या पोटाची सोय नीट केली नाही, हेही तितकेच खरे. हा मुद्दा मनात ठेवावा. अग्रशाळेच्या रांधणीघरात तो पुन्हा भेटणार आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला व १ जून १९५५ पासून अमलात आला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर भारतीय कायदे येथेही क्रमाक्रमाने लागू झाले. १९५४ च्या कायद्याचा सारा भर भेसळीवर व शिक्षेवर होता. दुधात पाणी घालणारा पकडला जाई. पण निर्भेळ दूध अस्वच्छ भांड्यात नासले तर काय, याचा विचार त्यात मागे पडे. त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याने घेतली, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो प्रत्यक्ष सुरू झाला. गोव्यात त्याचा अंमल बांबोळी येथील अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. त्याच्या जोडीला १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा असून त्याखाली आरोग्याधिकाऱ्यास स्वच्छतेविषयी अधिकार आहेत.

महाजनांनी या कायद्यातील एक व्याख्या अवश्य वाचावी. अन्नव्यवसाय म्हणजे अन्नाशी संबंधित कोणताही उपक्रम, मग तो खाजगी असो वा सार्वजनिक, नफ्यासाठी असो वा नसो. २०११ च्या परवानाविषयक नियमांत तर धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्याचा छोट्या अन्नव्यावसायिकांच्या व्याख्येत नावानिशी उल्लेख आहे, आणि अशा छोट्या व्यावसायिकाने नोंदणी करावी, असे सांगितले आहे. तात्पर्य, आम्ही विकत नाही, वाटतो, हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही. आणि विचार केला तर तो टिकूही नये. विकत घेतलेल्या अन्नाने होणारी ओकारी व फुकट मिळालेल्या अन्नाने होणारी ओकारी यांत आजाऱ्याच्या दृष्टीने काही अंतर नाही.

तपासणीची पद्धत अशी आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो व त्याचे चार भाग करतो. एक अन्न-विश्लेषकाकडे जातो. दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जपून ठेवले जातात. चौथा, व्यावसायिकाने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा, असा दंडक आहे. दोष आढळला तर प्रथम सुधारणेची नोटीस देता येते. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अन्नामुळे कोणी दगावल्यास निदान पाच लाखांची भरपाई देण्याची तरतूद आहे. त्याचबरोबर, योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती असे जो सिद्ध करील, त्यास बचावाची वाटही कायद्याने ठेविली आहे. पण खबरदारी सिद्ध करावयाची कशाने? तोंडच्या शब्दाने ती सिद्ध होत नाही. त्यास कागद लागतो.

या पद्धतीतील चौदा दिवसांची मुदत ध्यानात घ्यावी. आपली जत्रा चारपाच रात्रींची. पहिल्या रात्री घेतलेल्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत रथ मंडपात परत गेलेला असतो, दुकानदार पुढच्या गावी पोहोचलेले असतात आणि जे खावयाचे ते खाऊन झालेले असते. याचा अर्थ, कायदा कितीही तत्पर असला तरी नमुन्याच्या मार्गाने तो या जत्रेचे रक्षण क्वचितच करू शकतो. तो बहुधा पुढच्या जत्रेचे रक्षण करतो. या जत्रेचे रक्षण जो आधीपासून तेथे हजर आहे, त्यालाच करावे लागते.

जागच्या जागी केलेल्या तपासणीवरही सर्वस्वी विसंबता येत नाही, हे गोमंतकीयांनी जुलै २०१८ मध्ये पाहिले. मडगावच्या घाऊक मासळी बाजारात बाहेरून आलेल्या मासळीत प्राथमिक चाचणीने फॉर्मेलिन दाखविले. त्यानंतर ते मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले. मग मर्यादा कसली, यावर वाद माजला आणि परप्रांतातून येणारी मासळी काही दिवस बंद करावी लागली. त्या वादात कोण बरोबर होते, हा येथील विषय नाही. परंतु घरोघरच्या गृहिणींचा मासळीवरील विश्वास एका आठवड्यात उडाला आणि तो परत येण्यास पुष्कळ काळ लागला. मासळीबाबत हे घडले. प्रसादाबाबत तसे घडले तर त्याची भरपाई कोणत्याही देवस्थानच्या खजिन्यातून होणार नाही.

देवस्थानांच्या जत्रांशी या कायद्याचा थेट संबंध अलीकडे दोनदा आला. २०२२ साली वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहाच्या फेरीत गोबी मंचुरियनची दुकाने मर्यादित ठेवावीत, अशी सूचना अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव नगरपालिकेस केली. २०२४ च्या आरंभी म्हापशाच्या श्री बोडगेश्वराच्या जत्रेच्या सुमारास हाच विषय म्हापसा पालिकेत निघाला व पालिकेने त्या पदार्थास बंदी घातली. कारणे दोन सांगण्यात आली: अस्वच्छता आणि कृत्रिम रंग. काही जणांना ही बंदी हास्यास्पद वाटली. वृत्तपत्रांत तिची चेष्टाही झाली. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये शेजारच्या कर्नाटकात या पदार्थाचे १७१ नमुने तपासले तेव्हा १०७ नमुन्यांत असुरक्षित रंग आढळले. साखरेच्या कापसात, ज्यास मुले ‘म्हातारीचे केस’ म्हणतात, ऱ्होडामीन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सापडला.

एखाद्या पदार्थाच्या नावावर बंदी घालणे हा खरा उपाय आहे काय, याविषयी मतभेद संभवतो. कोबी निर्दोष आहे. दोष रंगाचा, तेलाचा व हाताचा आहे. तोच रंग उद्या जिलेबीत पडेल, लाडवात पडेल. एका दुकानदाराची कढई स्वच्छ असताना केवळ पदार्थाच्या नावामुळे त्याचा धंदा बुडाला, तर तो अन्यायच होय. तथापि, पालिकेस असा सरसकट उपाय का सुचला, याचेही उत्तर शोधले पाहिजे. जत्रेच्या गर्दीत शेकडो दुकानांची कढई, तेल, रंग व पाणी रोज पाहील, एवढे मनुष्यबळ कोणत्याही सरकारी खात्याजवळ नसते. मात्र या दुकानांना जागा कोणी तरी दिलेली असते. कोठे पालिका वा पंचायत सोपो घेते, कोठे देवस्थान स्वतः जागेची पावणी करते. ज्याने जागेचे पैसे घेतले, त्याने त्या जागी काय शिजते हे पाहू नये, हा कोणता न्याय?

जी गोष्ट दुकानांची, तीच आपल्या रांधणीघराची. किंबहुना तेथे जबाबदारी अधिक. या ठिकाणी एक आक्षेप हटकून घेतला जातो. शेकडो वर्षे समाराधना होत आल्या, सोवळ्यात स्वयंपाक होतो, आजवर कोणास काही झाले नाही. मग देवाच्या नैवेद्यास सरकारी कागद कशासाठी? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर दिले पाहिजे.

सोवळ्याच्या आचारात आरोग्याचा मोठा अंश आहे, यात शंका नाही. स्नान करून स्वयंपाकास लागणे, धुतलेली भांडी पुन्हा धुणे, बाहेरच्यास रांधणीघरात येऊ न देणे, केळीच्या पानावर जेवणे, या सर्व गोष्टी आजचे आरोग्यशास्त्रही सांगते. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असा नियम २०१८ साली करावा लागला. केळीच्या पानास तसा नियम लागत नाही. परंतु सोवळे स्पर्श पाहते आणि जंतू स्पर्शाच्या पलीकडे असतो. नारळ खवताना बोट कापले व त्यावर चिंधी बांधून काम पुढे चालू ठेवले, तर सोवळे मोडत नाही. पण त्या जखमेतील स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू खोबऱ्यात उतरतात, उबेत वाढतात व विष निर्माण करतात. ते विष पुन्हा उकळले तरी नाहीसे होत नाही. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असली तरी सोवळे मोडत नाही. पण त्यात आंबट सोलकढी ठेवली तर पोटे ढवळतात. शिवाय नैवेद्य दाखविण्यापूर्वी अन्नाची चव घ्यावयाची नाही, हा आपला नियम. घरच्या स्वयंपाकघरात चव पाहताना जे सहज ध्यानी येते, तेही येथे ध्यानी येत नाही. आणि चव पाहिली तरी या विषांपैकी कित्येकांना चवच नसते.

सर्वांत मोठा धोका वेळेचा आहे. भाताच्या दाण्यात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूंचे बीजाणू असतात. उकळत्या पाण्यातही ते जिवंत राहतात. भात गरम असेतो ते निद्रिस्त असतात. तो कोमट झाला की जागे होतात. पाच अंश ते साठ अंश सेल्सियस यांच्या दरम्यानची उष्णता जंतूंना मानवते, आणि शिजलेले अन्न त्या टप्प्यात जितके रेंगाळेल तितका धोका वाढतो. आता आपल्या उत्सवाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटे भात उतरतो. अभिषेक लांबतात, यजमान उशिरा पोहोचतात, आरती दीड वाजता होते. पहिली पंगत दोनला, शेवटची चारला. मधल्या साऱ्या वेळात भाताचे ढीग झाकलेले असतात. नारळाच्या रसातील मणगणे आणि वाटण घातलेले खतखते तेथेच, त्याच उकाड्यात. यात कोणाचीही लबाडी नाही, कोणाचाही आळस नाही. सर्व काही भक्तिभावाने चालले आहे. ब्रॅडफर्डातही कोणाचा हेतू वाईट नव्हता.

आजवर काही झाले नाही, असे म्हणताना दोन गोष्टींचा विसर पडतो. एक, पूर्वी पंगत शेपन्नास पानांची असे. अन्न चुलीवरून थेट पानावर येई व रांधणारे घरचे असत. आज हजारो पाने उठतात, रांधपी कंत्राटाने येतात, कधी कधी शिजवलेले अन्न टेम्पोतून आणले जाते. दुसरी, पूर्वीही काही होत नसेच, असे सांगता येत नाही. जत्रेहून परतलेल्याचे पोट बिघडले की दोष उन्हास, जागरणास किंवा दृष्टीस दिला जाई. प्रसादास दोष देण्याची कोणाची छाती नव्हती. तक्रार आली नाही, एवढ्यावरून आजार झाला नाही, असे म्हणता येत नाही.

मग महाजनांनी करावे काय? उपाय फार खर्चाचे नाहीत. त्यांपैकी बहुतेकांस एक वही व थोडा निर्धार पुरेल.

पहिली गोष्ट नोंदणीची. रांधणीघराची नोंदणी रीतसर करून घ्यावी आणि उत्सवापूर्वी अधिकाऱ्यास आपण होऊन बोलवावे. तो छापा घालावयास येण्यापूर्वी पाहुणा म्हणून आला, तर दोष सांगून जातो व ते सुधारण्यास वेळ मिळतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने प्रार्थनास्थळांसाठी ‘भोग’ नावाचा उपक्रम काढला. त्यात प्रसाद करणाऱ्यांस प्रशिक्षण व रांधणीघराची तपासणी यांची सोय केलेली आहे. तिचा लाभ घेण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची व भांड्यांची. विहिरीचे पाणी उत्सवापूर्वी तपासून घ्यावे, पानक व पन्हे उकळून निवविलेल्या पाण्यात करावे. बर्फ लागलाच तर तो खाण्यायोग्य असल्याची खात्री करावी. न खाण्याच्या बर्फास निळा रंग घालण्याचा आदेश २०१८ पासून आहे, तो याचसाठी. भांड्यांची कल्हई दरवर्षी पाहावी.

तिसरी गोष्ट वेळेची. देवाचा नैवेद्य लहान भांड्यात आधी सिद्ध करावा व पंगतीचा भात टप्प्याटप्प्याने, आरतीची वेळ पाहून चढवावा. यात कोणतेही शास्त्र मोडत नाही. आरतीस उशीर होणार असेल, तर मुखत्यारांनी तो निरोप रांधणीघरात पोहोचविण्याची व्यवस्था करावी. यजमानांनीही आपल्या विलंबाची किंमत पंगत देते, हे ओळखावे.

चौथी गोष्ट रांधणाऱ्यांची, आणि येथे मेरी मॅलनची आठवण करावी. जुलाब, ताप, हातावरील जखम असलेल्याने त्या दिवशी अन्नास हात लावू नये, असा नियम करणे सोपे आहे. पण त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर तो गरीब मनुष्य आजार लपवील. म्हणून आजाऱ्यास त्या दिवसाची मजुरी देऊन घरी पाठवावे. एवढा खर्च देवस्थानास जड नाही. एखाद्या सेवेची पावती फाडताना जेवढा विचार होतो, तेवढाही त्यासाठी नको.

पाचवी गोष्ट दुकानांची. पावणीच्या अटींत स्वच्छ पाणी, झाकलेले अन्न, रंगांची मर्यादा, जुने तेल पुन्हा न वापरणे व दुकानदाराची नोंदणी या अटी घालाव्यात, आणि रोज सायंकाळी दोन महाजनांनी फेरी मारून त्या पाळल्या जातात की नाही, हे पाहावे. एखाद्याचे चुकले तर प्रथम समज द्यावी. सर्वांवर एकदम बंदी आणण्याची वेळ येऊ देऊ नये. खाजेकार पिढ्यान्पिढ्या देवाच्या आश्रयाने पोट भरीत आला आहे. नियम त्यास सांभाळण्यासाठीही आहेत.

आणि शेवटची गोष्ट वहीची. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या देवस्थान नियमावलीपासून महाजनांची नोंदवही, वार्षिक अंदाजपत्रक व हिशेब यांची शिस्त आपल्या देवस्थानांना लागली आहे. देवाच्या एका रुपयाचा हिशेब चुकला तर सभेत आवाज चढतात, फेरतपासणीची मागणी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या दिवशी दोन हजार पाने उठली, त्या दिवशी कोणी रांधले, तांदूळ व तेल कोठून आले, भात किती वाजता उतरला आणि किती वाजता वाढला, याची एक ओळही कोठे लिहिलेली नसते. प्रत्येक समाराधनेची अशी एक नोंद ठेवावी. त्याबरोबर प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी झाकून दोन दिवस शीतपेटीत ठेवावी. दुर्दैवाने काही घडले, तर डॉक्टरांस कारण शोधणे सुलभ होईल आणि निरपराध रांधप्यावर विनाकारण बालंट येणार नाही. कायद्यास जो कागद लागतो तो हाच. त्याचा खरा उपयोग मात्र कायद्यापलीकडचा आहे. लिहावे लागते म्हणून माणूस पाहू लागतो.

आरंभीच्या प्रश्नाकडे परत यावयाचे तर, प्रसादाची परीक्षा घेणाऱ्याने करावयाची नाही. ती त्याने विश्वासाने सोडून दिली आहे, आणि तो विश्वास ही देवस्थानची सर्वांत जुनी ठेव आहे. सरकारी अधिकारी वर्षातून एखाद्या वेळी येईल. विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांनी येईल. पहाटे चुलीत लाकडे सरकविली जातात, तेव्हा तेथे महाजनच असतात. ही परीक्षा त्यांची आहे. देवाच्या सेवेचाच तो एक भाग मानावा.

यंदाच्या उत्सवात गर्भागाराच्या उंबऱ्याशी एखादे बालक आजोबांचे पाहून प्रथमच हात पुढे करील. त्याच्या हातावर जे पडेल ते निर्मळ असावे, एवढी बुद्धी व तेवढी चिकाटी श्रींनी महाजनांना द्यावी, हीच प्रार्थना.